साय-चेंजलिंग वाचायला घ्यायचंय? आधी एक दोनशे पानी रजिस्टर घ्या

साय-चेंजलिंग म्हणजे नलिनी सिंह यांची इंग्लिश कादंबऱ्यांची सीरिज. तिची सुरुवात मी चुकीची केली होती म्हणून हे लिहून राहिली, तुमची तरी नीट व्हावी.

२०१५ ला दिवाळीच्या आधी नागपूरला गेलो होतो, बर्डीवर फुटपाथला जुन्या पुस्तकांचा ढीग लागला होता, त्यातून साठ रुपयाला एक जाड इंग्लिश पुस्तक उचललं, किस ऑफ स्नो, लेखिका नलिनी सिंह. नाव आपल्याकडचं वाटलं म्हणून उचललं, दुसरं काही कारण नव्हतं. (त्यांचा जन्म फिजीचा आणि वाढल्या न्यूझीलंडमध्ये, हे मागाहून कळलं.) पांढरकवड्याच्या गाडीत बसल्या बसल्या उघडलं आणि हिंगणघाट येईपर्यंत एवढंच समजलं की कोणीतरी लांडग्यांचा म्होरक्या आहे हॉक नावाचा, एक तापट पोरगी आहे सिएना, दोघांचं काहीतरी जुनं धुमसून राहिलंय, पण जुनं म्हणजे काय ते कळेना, आणि पानापानावर दहा नवीन नावं अशी येत होती जशी मला ती आधीपासून माहीत असावीत. लग्नघरी चुकून दुसऱ्याच मांडवात जाऊन बसावं तसं झालं. घरी येऊन फोनवर शोधलं तेव्हा कळलं की हे सीरिजचं दहावं पुस्तक आहे. म्हणजे नऊ पुस्तकं लोकांनी ज्या दोघांची वाट पाहिली ते दोघं मला पहिल्या दिवशी फुकटात भेटले, आणि फुकटात भेटले म्हणून त्यांची किंमतच कळली नाही. ती गोष्ट मला आजही लागते. नंतर सगळं क्रमाने वाचत परत दहाव्यावर आली तेव्हा रडली, पण पहिल्यांदा वाचायचं ते वाचून झालंच होतं ना, ते काही परत येत नाही.

म्हणून पहिलं सांगणं हेच, क्रम मोडू नका. पहिलं पुस्तक स्लेव्ह टू सेन्सेशन, २००६ चं. मग व्हिजन्स ऑफ हीट, मग केरेस्ड बाय आइस, ही दोन्ही २००७ ची. असं करत पंधरावं अलिजन्स ऑफ ऑनर २०१६ ला आलं, तिथं पहिला भाग संपतो. २०१७ ला सिल्व्हर सायलेन्सपासून दुसरा भाग सुरू होतो, त्याला ट्रिनिटी म्हणतात. प्रत्येक पुस्तकात जोडी वेगळी, त्यांचं प्रेम त्याच पुस्तकात सुरू होऊन तिथंच जुळतं, त्यामुळे लोक म्हणतात कुठूनही वाचा. माझं म्हणणं, नाही वाचायचं. जोडीची गोष्ट संपते पण मागची मोठी गोष्ट चालूच राहते, आणि पहिल्या पुस्तकात जी मुलगी दुसऱ्यांच्या कहाणीत नुसतं एक हरवलेलं नाव असते तीच तिसऱ्या पुस्तकाची नायिका होते. कॅलेब क्रायचेक दुसऱ्या पुस्तकापासून अधूनमधून दिसतो, थंड, भीती वाटेल असा, आणि त्याचं स्वतःचं पुस्तक येतं बाराव्या नंबरला, हार्ट ऑफ ऑब्सिडियन, २०१३. मधली सगळी वर्षं तो माणूस चांगला का वाईट हेच ठरवता येत नाही. हे सुख उडी मारणाऱ्याला मिळत नाही.

आता गोष्ट काय आहे ते थोडक्यात सांगते, म्हणजे पहिली पन्नास पानं जड जाणार नाहीत. साल आहे २०७९. जगात तीन प्रकारचे लोक. एक आपल्यासारखी साधी माणसं. दुसरे चेंजलिंग, म्हणजे माणूस आणि जनावर दोन्ही एकातच, कोणी बिबट्या, कोणी लांडगा, पाहिजे तेव्हा रूप बदलतात. तिसरे साय, मनाच्या ताकदीचे लोक, कोणी दुसऱ्याच्या मनातलं ऐकतो, कोणी हात न लावता वस्तू हलवतो, कोणाला पुढचं दिसतं. सायलोकांमध्ये पूर्वी वेड आणि खूनखराबा फार वाढला होता, म्हणून १९६९ पासून त्यांनी विचार सुरू केला की लहानपणापासूनच पोरांना राग येऊ नये असं वळण लावायचं, आणि दहा वर्षांच्या वादानंतर १९७९ ला ठरलं की नुसता राग नाही, भावनाच नको. कोणतीच नको. त्या पद्धतीचं नाव सायलेन्स. तेव्हापासून शंभर वर्षं हे लोक प्रेम करत नाहीत, हसत नाहीत, आई लेकराला जवळ घेत नाही, जेवण म्हणजे बेचव पोषणाची वडी. आणि ज्याच्यात भावना दिसली त्याला धरून नेतात आणि त्याचं मनच पुसून टाकतात. सगळ्यांची मनं सायनेट नावाच्या एका जाळ्यात जोडलेली, त्यातून तुटलं तर जीवच जातो, म्हणून पळून तरी कुठं जाणार.

अशा घरातली साशा डंकन, आई तिची कौन्सिलवर, म्हणजे सायलोकांवर राज्य करणाऱ्यांत, आणि हिच्या आत मात्र भावना दाबल्या दाबल्या जात नाहीत. ती घरबांधणीच्या एका सौद्यासाठी लुकास हंटरला भेटते, तो सॅन फ्रान्सिस्कोच्या डार्करिव्हर नावाच्या बिबट्यांच्या टोळीचा मुख्य. इथून पहिलं पुस्तक. यापेक्षा जास्त सांगत नाही.

रजिस्टर कशाला ते आता. पंधरा पुस्तकं, चौदा जोड्या, त्यांचे भाऊ, बहिणी, लेकरं, दोन टोळ्या, कौन्सिलची माणसं, तिसऱ्या-चौथ्यापर्यंत डोकं साथ देतं, मग गुंता होतो. आपल्याकडे लग्नात कसं, हा कोणाचा कोण हे सांगायला एक म्हातारी आत्या लागतेच, ते काम रजिस्टर करते. मी दुकानातलं साधं दोनशे पानी घेतलं आणि एका पुस्तकाला दोन पानं दिली. डाव्या पानावर जोडी, टोळी, कोणाला कोणती ताकद, नवीन कोण आलं. उजव्या पानावर फक्त दोन गोष्टी, जगात काय बदललं आणि कोणती गाठ सुटायची राहिली. तिसऱ्या पुस्तकाचं माझं पान समोर आहे, जसंच्या तसं सांगते: जड लॉरेन, साय, टीके (म्हणजे हात न लावता वस्तू हलवणारा), आधी सैनिक होता. ब्रेना, लांडगी, स्नोडान्सर (हॉकची टोळी). नवीन: फादर पेरेझ, पाद्री, जडचा दोस्त. आणि उजवीकडे लाल पेनानं: घोस्ट कोण?? दोन प्रश्नचिन्हं. (घोस्ट म्हणजे खरं नाव लपवून वावरणारा एक साय.) त्याचं उत्तर मी पुढे आठ वेळा खोडून लिहिलं आणि आठही वेळा चुकलं असंच समजा, पण ते खोडलेलं पान मला पुस्तकाइतकंच आवडते. तुम्हीही अंदाज पेनानंच लिहा, पेन्सिलनं नको, नंतर पाहायला मजा येते.

इंग्लिशचं भेव घेऊ नका. माझं शिक्षण मराठी शाळेत, बारावीपर्यंत, पुढे शिलाई मशीन आणि शेत. वाक्यं यांची लांबलचक नाहीत, बोलणं भरपूर आहे, आणि तेच तेच शब्द परत येतात. पंचवीस-तीस शब्द पक्के केले की गाडी निघते. अल्फा म्हणजे टोळीचा मुख्य. सेंटिनल म्हणजे बिबट्यांकडचे त्याच्या भरवशाचे राखणदार, लांडग्यांकडे त्यांनाच लेफ्टनंट म्हणतात. हीलर म्हणजे जखमा भरणारी, आणि हिचा मान घरातल्या मोठ्या बाईसारखा, मुख्यसुद्धा हिच्यासमोर आवाज चढवत नाही. मेट म्हणजे जन्माची गाठ, एकदा बसली की सुटत नाही. कार्डिनल म्हणजे सायमधले सगळ्यात ताकदवान, मोजपट्टी एक ते दहा, हे त्याच्याही वरचे, आणि यांचे डोळे काळे कुट्ट, आत पांढरे तारे. रात्री गच्चीवर खाटेवर पडून वर पाहिलं की मला साशाचे डोळेच आठवतात, आमच्याकडे लाईन गेली की तारे तेवढे भरपूर दिसतात.

फोनवर वाचत असाल तर शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ येतो, पण प्रत्येक शब्दाला थांबू नका. एका पानात तीन शब्द, त्याच्यावर नाही, हा माझा नियम. बाकीचे आपोआप उमजतात. पुस्तक मात्र विकत घ्या, जुनं मिळालं तर जुनं, नाहीतर फोनवरचं. फुकट पीडीएफ फिरत असतात, मी एकदा घेतली होती सहाव्याची, ब्रँडेड बाय फायर, मधली चाळीस पानं गायब, नेमकं भांडण मिटतं तीच. शिवाय बाई मेहनत करून लिहून राहिली तिचा हक्क आहे तो. आमच्याकडे रेंज टाकीजवळच येते म्हणून मी बाजाराच्या दिवशी तालुक्यालाच डाऊनलोड करून ठेवते, लाईन नसली, नेट नसलं तरी वाचता येतं, आणि स्क्रीन काळी ठेवली की चार्जिंग पण पुरते.

वेळेचं म्हणाल तर वेचणीच्या दिवसात नवीन पुस्तक सुरू करू नका. दिवसभर कापूस वेचून पाठ धरलेली असते, दोन पानात डोळा लागतो आणि सकाळी काय वाचलं ते आठवत नाही. तूर निघाल्यावर, म्हणजे संक्रांतीनंतर, किंवा उन्हाळ्यात दुपारी, तेव्हा घ्या.

आमच्या भागातल्या लोकांसाठी एक वेगळं सांगायचं आहे. इथं बिबट्या, वाघ म्हणजे गोष्ट नाही. टिपेश्वर आम्हाला जवळ. २०१८ ला राळेगाव-पांढरकवड्याकडे त्या अवनी वाघिणीची दहशत होती, नोव्हेंबरात तिला मारलं, त्याच्या आधीचे ते महिने बाया एकट्या शेतात जात नव्हत्या, ढोरं लवकर घरी येत होती. आणि आमच्याकडे पंपाला लाईन रात्रीची, हरभऱ्याला ओलीत करायला आमचे हे बारा वाजता बॅटरी घेऊन निघायचे आणि मी घरी बसून बिबट्याच्या प्रेमाची गोष्ट वाचून राहिली होती. जमतच नव्हतं. पुस्तकात लुकासनं गुरगुरलं की माझं लक्ष दाराकडे. सासूबाई एकदा म्हणाल्या, काहून वाचतं वं असं अभद्र, वाघोबाचं नाव रात्री घेऊ नाही. मी तेव्हा दोन महिने ठेवून दिलं पुस्तक, आणि तुम्हालाही तेच सांगते, गावात जनावर फिरत असेल तर थांबा, पुस्तक कुठं पळून जात नाही.

पण नंतर परत उघडलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. खरा बिबट्या एकटा राहतो, टोळी करत नाही, टोळी लांडग्याची. डार्करिव्हरचे बिबटे टोळीनं राहतात ते त्यांच्यातल्या माणसामुळे. बाकी हद्द राखणं, झाडावर नखं ओढणं, वासावरून ओळखणं, हे सगळं बरोबर आहे, आमच्या नाल्यावरच्या झाडाला मी ती नखं स्वतः पाहिली, माझ्या खांद्याच्या वर. तेव्हापासून मी प्रत्येक पात्राचं असं पाहते की याच्यातलं हे जनावराचं आणि हे माणसाचं. राग जनावराचा का माणसाचा. माया कोणाची. असं पाहत वाचलं की साधी भांडणंसुद्धा वेगळी दिसतात.

तिसरं पुस्तक घाईत वाचू नका. माझं सगळ्यात जवळचं तेच आहे आणि ते पुस्तकाबाहेरच्या कारणानं.

ते मी २०१७ च्या शेवटी वाचलं, माहेरी. गुलाबी बोंडअळीचं वर्ष ते. बाबांची सहा एकर पऱ्हाटी वरून हिरवीगार, बोंडं भरलेली, आणि बोंड फोडलं की आत किडलेली सरकी, पिवळा पडलेला कापूस आणि ती बारीक गुलाबी अळी. बाबांनी माझ्यासमोर एकामागे एक अशी दहा-बारा बोंडं फोडली, एक शब्दही बोलले नाहीत, हात पुसले आणि घरी येऊन ओट्यावर बसले. मग बसलेच. जेवायचे, झोपायचे, ढोरांना पाणी दाखवायचे, बोलणं बंद. आईनं विचारलं तर हाव, नाही, एवढंच. आमच्याकडे बाप्या माणसानं रडायचं नसते हे त्यांना कोणी शिकवलं असेल तर त्यांच्या बापानं, त्यांना त्यांच्या बापानं.

आणि मी वाचून राहिली होती जड लॉरेनचं. त्याला लहानपणापासून असं घडवलंय की काही वाटलं की डोक्यात कळ उठते. भावना आली की दुखणं आलं, म्हणून भावनाच नको. त्याचं नाव डिसोनन्स. तो ब्रेनाजवळ बसतो तर त्याला खरंखुरं दुखतं, तरी बसतो. मी ते वाचताना ओट्याकडे पाहायची.

एका दिवशी संध्याकाळी मी बाबांच्या बाजूला बसून अशीच सांगायला लागली, मराठीत, आपल्या बोलीत, की एक पोरगा आहे बाबा, त्याला असं असं शिकवलं. त्यांनी मान पण वळवली नाही. मी रोज थोडं थोडं सांगत गेली, त्या पाद्र्याचं, त्या लांडग्यांच्या घरातल्या लेकरांचं. प्रेमाचं तेवढं गाळून. पाच-सहा दिवसांनी मी शेतातून उशिरा आली, सांगायचं राहून गेलं, तर झोपायच्या वेळी बाबा म्हणाले, "मंग त्या पोराचं दुखणं गेलं का नाही?"

बस एवढंच बोलले. पण त्या दिवसापासून मी कोणतंही पुस्तक कोणाला तरी सांगत सांगतच वाचते आणि हे मी पद्धत म्हणून तुम्हाला सांगून राहिली. आपल्या भाषेत सांगायला बसलं की कुठं समजलं आणि कुठं नुसतं डोळ्याखालून गेलं ते लगेच कळतं. ऐकणारं कोणीही चालतं, आई, नणंद, मशीनवर ब्लाऊज शिवायला आलेली बाई. प्रत्येक प्रकरण झालं की चार वाक्यात सांगायचं, आणि ऐकणाऱ्यानं जिथं "मंग?" म्हटलं ती जागा रजिस्टरमध्ये लिहायची.

अकराव्या पुस्तकाबद्दल थोडं भांडायचं आहे मला. टँगल ऑफ नीड, २०१२ चं. बऱ्याच वाचकांना ते आवडत नाही, म्हणतात जोडीला जागाच कमी, मध्ये मध्ये बाकीचेच फार. ते खरं आहे, मान्य. पण गोष्ट काय आहे ती पाहा. रियाझला त्याची मेट भेटलेली आहे, आणि ती दुसऱ्याची बायको आहे, सुखात आहे. म्हणजे जन्माची गाठ ज्याच्याशी बसायची तिथं रस्ताच बंद. आणि मग त्याला आड्रिया भेटते, तिच्याशी ती गाठ बसणार नाही हे दोघांनाही माहीत आहे. आता हे आपल्याकडच्या बाईनं वाचावं. आमच्या गावात पाट लावलेल्या तीन बाया मला माहीत आहेत. नवरा गेला, दुसरं घर केलं, बॅण्ड नाही, मांडव नाही, चार माणसं, आणि जन्मभर लोकांच्या बोलण्यात ती पाटाचीच. त्यातली एक माझी मावशी. तिनं आणि काकांनी जसा संसार केला, काका शेवटी अंथरुणाला होते तेव्हा तिनं जसं केलं, ते पहिल्या लग्नाच्या कोणी केलेलं मी पाहिलं नाही. आड्रिया वाचताना मला पानोपानी मावशी दिसायची, तिचं ते सणावाराला मागे मागे उभं राहणं. लोक म्हणतात हे पुस्तक गाळलं तरी चालते. गाळू नका. फक्त दहाव्याच्या लगेच मागे घेऊ नका, आठ-दहा दिवस जाऊ द्या, कारण दहावं एवढं भरून येतं की अकराव्याला न्याय मिळत नाही.

बाकी न आवडणारं पण सांगते. सुरुवातीच्या पुस्तकातले नायक फार मालकी गाजवतात, ही माझी, हिच्याकडे कोणी पाहू नका, अशा टाइपचं. बाया त्यांना जागेवर आणतात हे खरं, तरी मला काही ठिकाणी राग आला आणि मी ते रजिस्टरमध्ये लिहून ठेवलंय. सहाव्यात मर्सी नायिका होऊन येते, ती स्वतः सेंटिनल आहे, तिथून हे जमून येतं. पंधरावं पुस्तक म्हणजे घरातलं मोठं कार्य, सगळे येऊन भेटून जातात, त्याच्यात एका जोडीची गोष्ट शोधू नका, सगळ्यांची खुशाली विचारायला जा.

आणि हो, ही पुस्तकं मोठ्यांसाठी आहेत. जवळिकीचे प्रसंग आहेत, मोकळे आहेत, खुनाचे प्रसंगही अंगावर येणारे. आठवीतल्या पुतणीच्या हाती देऊ नका, माझ्या पुतणीनं मागितलं होतं, मी सांगितलं अठरा पूर्ण झाल्यावर आणि मी स्वतः क्रमानं देईन. पण मोठ्यांनी ते प्रसंग लाजून गाळू नये. जिला जन्मात कोणी मायेनं हात लावला नाही तिला पहिल्यांदा कोणी जवळ घेतं तेव्हा काय होतं, सगळी सीरिज त्याच्यावर उभी आहे. टोळीत तर डोक्यावरून हात फिरवणं, बाजूला टेकून बसणं हे पण हक्कानं, परवानगीनं चालतं, त्याला स्किन प्रिव्हिलेज म्हणतात. कोण कोणाला हात लावू शकतो आणि कोण नाही, एवढं जरी लक्षात ठेवलं तरी नाती कळत जातात.

छोट्या गोष्टींचे दोन संग्रह आहेत, वाइल्ड इन्व्हिटेशन आणि वाइल्ड एम्ब्रेस. पहिला दहाव्या-अकराव्यानंतर घ्या, दुसरा पंधरावं झाल्यावर. पहिल्यातली वॉकर आणि लाराची गोष्ट चुकवू नका, मोठ्या वयाचं, कमी बोलणारं प्रेम आहे ते.

ट्रिनिटी भागाला मात्र नवीन रजिस्टर करा. जग बदललेलं असतं, मॉस्कोकडची अस्वलं येतात, समुद्रातले येतात, आणि जुन्या पानात कोंबत गेलं की दोन्ही बिघडतात. सिल्व्हर सायलेन्सपासून २०२४ च्या प्रायमल मिररपर्यंत आठ पुस्तकं आहेत, दोनशे पानी आरामात पुरते. सासूबाईंना अस्वलं फार आवडली, ज्या बाईनं वाघोबाचं नाव घेऊ नको म्हटलं होतं ती आता भाकरी थापता थापता विचारते, आज त्या अस्वलानं काय केलं.

माझं पहिलं रजिस्टर सध्या घरी नाही. शेजारच्या वहिनीनं नेलंय, उजवी पानं मी कागद चिकटवून झाकून दिली, जसजसं पुस्तक होईल तसतसं तिनं उचकटायचं. ती आता चौथ्यावर आहे. परवा विहिरीवर म्हणाली, तो हॉक आणि ती सिएना सारखे भांडतात काहून वं? मी बादली उचलली आणि घरी निघून आली.